सगळ्यांचं झालं का?

अशा ठिकाणी कुणी मोठ्यानं रडत नाही, म्हणूनच हिरदेशनं ते हॉटेल निवडलं असावं. तसं तो बोलला नव्हता. फोनवर थोरल्या भावाला, बिशुनला, एवढंच म्हणाला होता, "भैया, अम्माला एकदा चांगल्या ठिकाणी जेवायला नेऊ. तिथंच शांतपणे सांगून टाकू." पण बिशुनची बायको प्रेमवती फिजीतल्या लाबासात असल्यापासून या घरची सून होती आणि धाकट्या दिराचं 'शांतपणे' तिला पुरतं ठाऊक होतं. फिजी सोडून सिडनीला जायचं ठरलंय, हेही त्यानं असंच भर लग्नाच्या मांडवात, चार पाहुण्यांच्या देखत अम्माच्या कानावर घातलं होतं. पाहुण्यांसमोर अम्मा काय बोलणार? तिनं त्या दिवशी सगळ्यांना जेवायला वाढलं आणि रात्री गोठ्यात जाऊन बसली.

आता तर गोठाही नव्हता. समोर बंदराचं काळं पाणी, काचेला लागून टेबल, टेबलावर लिंबाएवढा एक दिवा. भिंती कोळशासारख्या काळ्या आणि सतार वाजतेय की नाही कळू नये इतकी हळू वाजत होती. अम्मानं, म्हणजे सुखराजीनं, ठेवणीतली फिकट निळी साडी नेसली होती आणि वरून बिशुनचा जुना स्वेटर. सिडनीच्याच लिव्हरपूल भागातल्या घरून निघताना प्रेमवतीनं तो काढायला सांगितला, तर म्हणाली, "मोठ्या हॉटेलात गारठवून ठेवतात गं. म्हणजे माणसं लवकर उठतात, जेवण कमी लागतं." प्रेमवतीची मुलगी आर्तिका गाडीत मोठ्यानं हसली होती. नंतर वाटेत कुणीच हसलं नाही, कारण अम्मा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं की आपण कशाला चाललोय.

प्रेमवती ज्या 'होम'मध्ये नोकरी करत होती, तिथं एक खोली रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. वृद्धाश्रम हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. होम म्हटलं की जरा घरासारखं वाटतं.

"तर आपण सुरुवात करतोय पाणीपुरीनं," दाढीवाला वेटर प्रत्येकासमोर एकेक काळा दगड ठेवत म्हणाला. प्रत्येक दगडावर एकच पुरी होती. "आत धुरावलेला वाटाणा आहे, वर फिंगर लाइमचे, म्हणजे इथल्या रानलिंबाचे दाणे. एका घासात खायची." मग तो अम्माकडे वळला आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, इंडियात कुठल्या तुम्ही?"

"आम्ही फिजीचे."

"अच्छा, फिजी! म्हणूनच बोलण्याची ढब वेगळी आहे. गोड वाटते ऐकायला."

आर्तिकाच्या कपाळावर आठी आली. "गोड म्हणजे?"

"अगं, चांगलं म्हणतोय तो," अम्मा म्हणाली. "नाही बाबा, इंडियात आम्ही कधी गेलो नाही. आमच्यातलं कुणीतरी एकदा तिथून बोटीत बसलं, ते बसलंच. तू कधी आलास?"

"चार वर्षं झाली, माताजी."

"आईला फोन करतोस का?"

वेटर हसला, मान हलवली आणि गेला. तेवढ्यात हिरदेशनं आपली पुरी संपवून बोटं पुसलीसुद्धा. तो कुठल्याशा मोठ्या कंपनीत हिशेबनीस होता, आणि जेवणही एखादं काम हातावेगळं करावं तसं करायचा. त्याची बायको रंजिता दगडाचा फोटो काढत होती. बिशुननं पुरी तोंडात टाकली, डोळे मिटले, उघडले. पहाटे बस घेऊन निघणारा माणूस, संध्याकाळी त्याचे डोळे तसेही मिटत असत.

प्रेमवतीला खायचं नव्हतं. तिनं पुरी नुसती इकडून तिकडे सरकवली. वेटर पुन्हा आला तेव्हा दोन दगडांवरच्या पुऱ्या तशाच होत्या, तिच्या आणि अम्माच्या.

"उचलू का?"

"ने बाबा, ने," अम्मा म्हणाली. काम करणाऱ्याला तिनं आयुष्यात कधी अडवलं नव्हतं.

हिरदेशनं भुवया उंचावून भावाकडे पाहिलं. बघितलंस ना, असा त्या भुवयांचा अर्थ होता. अम्मा जेवत नाही, हेच तर सगळ्याचं मूळ होतं. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. ब्लाउज दोनदा आत घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाली, पोटात काही नाही, रक्तात काही नाही. या वयात कधी कधी भूक विसरते माणसाची, घरी लक्ष द्यायला कुणी आहे का? घरी लक्ष द्यायला कोण असणार? बिशुन संध्याकाळी लवकर जेवून झोपायचा, आर्तिका ताट घेऊन खोलीत जायची, आणि प्रेमवती दुपारची पाळी संपवून यायची तोवर गल्ली सामसूम झालेली असे.

दुसरा पदार्थ आला तेव्हा आर्तिका खुदकन हसली. "आजी, बघ. सैना."

होतंच ते. अळूच्या पानांना डाळीचं पीठ माखून, गुंडाळून, उकडून तळलेलं. लाबासात पावसाळाभर होत असे. इथं त्याचे कागदाएवढे पातळ काप एकावर एक रचले होते आणि भोवती नारळाच्या दुधाचा फेस सोडला होता.

"याला आम्ही पत्रा म्हणतो," वेटर म्हणाला.

"आम्ही सैना म्हणतो," आर्तिका म्हणाली.

"किती बारीक कापलंय," अम्मा वाकून बघत म्हणाली. "सुरी चांगली असणार. पण एवढ्यात गँगचं काय होणार गं, प्रेमवती?"

प्रेमवतीला हसू आलं. गँग म्हणजे ऊसतोड करणारी माणसं. आपल्या शेतात तोड आली की सगळ्या गँगला जेवू घालायचं, ही तिकडची रीत. लग्न होऊन आली त्याच हंगामात प्रेमवतीला त्या जेवणावळीनं रडवलं होतं. पुरुष व्हरांड्यात जेवायचे, मग पोरं, मग शेजारणी. सगळ्यात शेवटी अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडून विचारायची, "सगळ्यांचं झालं का?" झालं, असं उत्तर आलं की चुलीपाशी दोन पाट मांडायची आणि उरलेली डाळ, भात, चटणी एकाच मोठ्या पितळी परातीत कालवून म्हणायची, "ये, आता आपण दोघी." सासूसुनेनं एका परातीत जेवायचं म्हणून शेजारणी हसायच्या. अम्मा म्हणायची, हसू देत, एक भांडं कमी घासावं लागतं.

"अम्मा, खा ना," हिरदेश म्हणाला.

"खाते, खाते. तुमचं होऊ दे."

सैनाचीही बशी तशीच परत गेली. दोन बश्या गेल्या खरं तर, पण प्रेमवतीच्या बशीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरातली सून जेवली की नाही हे बघायची पद्धत त्या घरात फक्त एका बाईला होती.

केळीच्या पानातला मासा आला आणि हिरदेशनं घसा खाकरला.

"अम्मा, एक बोलायचं होतं."

"बोल की. त्यासाठीच तर एवढं लांब आणलंस."

हिरदेश क्षणभर गडबडला. मग त्यानं सुरू केलं, आणि बोलला मात्र चांगलं. डॉक्टर काय म्हणाली, घरात दिवसभर तू एकटी कशी असतेस, मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता तो कसा, आणि काही झालं तर आम्ही स्वतःला काय तोंड दाखवू. बोलताना त्यानं अम्माच्या हातावर हात ठेवला होता. तो हात खोटा नव्हता, हे प्रेमवतीलाही मान्य करावं लागलं. पोटच्या पोराचा जीव तुटत होता, फक्त त्याला ते लवकर उरकायचं होतं.

"होममध्ये नर्स असते चोवीस तास," तो म्हणाला. "वेळेवर जेवण, वेळेवर औषध."

अम्मा माशाच्या पानाची गाठ बोटानं चाचपत होती. वर बघितलं नाही.

"पापा, तुम्ही बोला ना," आर्तिका म्हणाली. "काल माझ्याजवळ काय म्हणाला होतात? नको म्हणाला होतात ना?"

बिशुननं पाण्याचा ग्लास उचलला. "काल... काल मी पूर्ण विचार केला नव्हता."

"गाडीत केलात का मग?"

"आर्तिका," प्रेमवती म्हणाली.

"नाही मम्मी, बोलू दे. काका महिन्यातून एकदा येतात, फळं देतात आणि जातात. त्यांनी का ठरवायचं?"

"मग कुणी ठरवायचं?" रंजितानं हातातला काटा खाली ठेवला. आवाज चढवला नव्हता. "तू ठेवशील का नोकरी सोडून? मला नाही जमणार, मी सरळ सांगते. मला माझी आई सांभाळता आली नाही, मी सासूचं काय बोलू? प्रेमवती भौजींना जमत असेल तर त्यांनी सांगावं. आम्ही काही जबरदस्ती करत नाही."

सगळ्यांच्या माना प्रेमवतीकडे वळल्या. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं. फिरून फिरून सगळं तिच्याच पदरात येऊन पडणार होतं. तिनं हो म्हटलं तर सुनेनं सासूला घराबाहेर काढलं, नको म्हटलं तर तिनंच निस्तरावं. गेली दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या आयांना आंघोळी घालत होती, त्यांची नखं कापत होती, आणि घरी येईपर्यंत तिच्यात कुणाच्याही आईसाठी काही शिल्लक राहत नव्हतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मनातून तिला ती खोली हवी होती. इतकी हवी होती की लाज वाटावी.

"तुम्ही सगळे ठरवाल तसं," ती म्हणाली.

आर्तिकानं तिच्याकडे असं पाहिलं की प्रेमवतीनं नजर खिडकीकडे वळवली.

वेटरनं मासे उचलले आणि मधोमध डाळ आणून ठेवली. तांब्याच्या छोट्या हंडीत रात्रभर शिजवलेली काळी डाळ, वर लोणी, सोबत भट्टीतल्या रोट्या. या वेळी तो काही समजावत बसला नाही. टेबलावरची हवा त्याला कळली असावी.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून प्रेमवतीनं रोटीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, अम्माचा हात रोटीकडे गेला. अम्मानं तुकडा मोडला, डाळ घेतली, खाल्ली.

प्रेमवती थांबली. अम्माही थांबली, हात मांडीवर ठेवून.

तिनं दुसरा घास घेतला. अम्मानंही घेतला.

प्रेमवती मुद्दामच पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं, उगाच साडीचा पदर नीट केला. अम्मा बसून राहिली. रोटी तिच्यापासून वितीवर होती, पण बोट लावलं नाही. मग प्रेमवतीनं तिसरा घास घेतला आणि म्हातारीनं शांतपणे आपला तिसरा घास घेतला. परातीत जेवतानाही असंच चालायचं. एक थांबली की दुसरी थांबायची, म्हणजे शेवटचा घास दोघींना सारखा यायचा.

अम्माची भूक बिक काही विसरली नव्हती. पाळी संपवून प्रेमवती घरी यायची तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असायचा. अम्मा टेबलापाशी बसलेली, समोर झाकलेलं भांडं. "ये, गरम करते." आणि प्रेमवती चप्पल काढता काढता रोज म्हणायची, "मी तिथंच जेवून आले, अम्मा. तुम्ही जेवलात ना?" अम्मा म्हणायची, "हो, झालं माझं." भांडं फ्रिजमध्ये जायचं. सकाळी प्रेमवती त्यातली डाळ बिशुनच्या डब्यात भरायची. डब्यात डाळ रोज कशी पुरते, हा प्रश्न तिला एकदाही पडला नाही.

आणि ती तिथं जेवत नव्हती. तिथं कोण जेवायला बसतं? होमहून परतताना, गाडीत, दोन-चार बिस्किटं. खरं बोलली असती तर अम्मानं चूल, म्हणजे गॅस, पेटवला असता, ताज्या रोट्या केल्या असत्या, समोर बसून दिवसभराचं सगळं विचारलं असतं. तेवढंच प्रेमवतीला नको होतं. एक तास कुणाशी बोलणं नको होतं.

"बघा!" हिरदेश खुश झाला. "जेवतेय की अम्मा. चांगलं मिळालं की जेवते."

"घरचं तेच तेच असतं ना," रंजिता म्हणाली, आणि प्रेमवतीला टोचलं का ते बघायलाही थांबली नाही.

प्रेमवती खात राहिली. घास पाण्याबरोबर खाली ढकलत राहिली, कारण ती खात होती तोवर म्हातारी खात होती. दोन वर्षांचं एका रोटीत भरून निघणार नव्हतं, पण हात थांबवायची हिंमत तिला होईना.

"कुठलं होम?" अम्मानं एकदम विचारलं.

हिरदेश पुढं सरकला. "तेच तर सांगतोय. भौजी काम करते तेच. परकं नाही काही."

"प्रेमवती असते तिथं?"

"रोज असते. तुझ्या डोळ्यासमोर."

अम्मा सुनेकडे वळली. वयानं फिकट झालेले तिचे डोळे दिव्यात पाणीदार दिसत होते. "तू तिथंच जेवतेस ना रोज?"

खरं बोलायला एवढी मोकळी जागा तिला पुन्हा मिळणार नव्हती. प्रेमवतीच्या डोळ्यासमोर संध्याकाळचे ट्रे आले. पाच वाजता वाटायचे, जरा वेळानं उचलायचे, भरलेला असला तरी उचलायचा आणि कागदावर लिहायचं, जेवल्या नाहीत. कामावरच्या बाईनं तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर बसून खायचं नाही, असा नियम. नात्यातलं माणूस असेल तर त्या मजल्यावर पाळीसुद्धा मिळत नाही. हे सगळं तिला पाठ होतं. नवरा बघत होता, दीर बघत होता, मुलगी बघत होती.

"हो, अम्मा," ती म्हणाली.

"मग झालं," अम्मा म्हणाली. "येते मी."

टेबलावरचं सगळं एकदम सैलावलं. हिरदेशनं खुर्चीला पाठ टेकली. बिशुननं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, जेवल्यावर पुसतात तसं, पण बराच वेळ. रंजिता म्हणाली, "अम्मांच्या खोलीत लावायला पडदे मी शिवते." आर्तिका मात्र उठली आणि म्हणाली, "मी बाहेर थांबते." गोड आलं ते तिनं बघितलंही नाही.

कुल्फी दोन चमच्यांत संपली. बिशुन म्हणाला, गाडी काढून दाराशी आणतो. हिरदेश काउंटरकडे गेला, रंजिता तोंड धुवायला. टेबलाशी दोघीच उरल्या. हंडीच्या तळाशी थोडी डाळ होती आणि कापडाखाली एक रोटी.

अम्मानं मागं वळून दाराकडे पाहिलं. "सगळ्यांचं झालं का?"

"झालं."

"मग ये, आता आपण दोघी."

तिनं पर्समधून लहानशी बाटली काढली. त्यात कुचला होता, कैरीच्या किसाचं तिखट लोणचं. लग्नाला जावो की दवाखान्यात, ती बाटली तिच्याबरोबर असायची. एका बशीत तिनं डाळ ओतली, बोटानं कुचला कालवला आणि रोटी मधोमध मोडली.

"अम्मा," प्रेमवती म्हणाली, "मी तिथं जेवत नाही. कधीच जेवले नाही."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"गाडी दारात लागली की तू लगेच उतरत नाहीस. आतला दिवा लावतेस. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं." अम्मानं घास उचलला, पण तोंडात घातला नाही. "बिस्किटं खातेस. कधी कधी नुसतीच बसतेस, स्टिअरिंगवर डोकं ठेवून."

"मग विचारलं का नाहीत कधी?"

"म्हटलं, तुला जरा एकटीनं बसायचं असेल. मीही बसायचे, गोठ्यात."

"आणि तुम्ही जेवत का नव्हतात? इतके दिवस?"

"तू बिस्किटांवर झोपायचीस गं. मी भात कशी खाणार?" हे तिनं असं सांगितलं की जणू यात विचारण्यासारखं काहीच नाही. "पहिले पहिले वाटायचं, आज म्हणशील, अम्मा, भूक लागलीय. मग तसंच राहून गेलं. म्हातारपणी भूक मारायला फार जोर लागत नाही."

"मग आत्ता 'येते' असं का म्हणालात? तुम्हाला ठाऊक होतं मी तिथं जेवत नाही, तरी?"

अम्मानं काचेबाहेर पाहिलं. बाहेर आर्तिका हातांची घडी घालून पाण्याकडे तोंड करून उभी होती.

"बिशुनचं तोंड बघितलंस? तो लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा असाच पाणी प्यायचा. आणि तू..." तिनं सुनेच्या मनगटावर आपला हलका हात ठेवला. "मी तिकडं गेले की तुला आपल्याच दारात गाडीत बसून राहावं लागणार नाही. सरळ घरात जाशील."

नका येऊ, असं म्हणायचं होतं. दोनच शब्द होते. प्रेमवतीनं तोंड उघडलं. सोमवारी फोन करून नको म्हणता आलं असतं, पाळी बदलून मागता आली असती. मग तिला ते रोजचं दार दिसलं, स्वयंपाकघरातला दिवा, झाकलेलं भांडं, आणि त्याच्यापलीकडं वाट बघणारं हे तोंड. शब्द आले नाहीत. अम्मा थांबली होती, त्या दोन शब्दांसाठीच थांबली होती, हे तिला दिसत होतं. घटकाभरानं म्हातारीनं मान हलवली आणि बशी तिच्याकडे सरकवली.

"खा. निवतंय."

प्रेमवतीनं घास घेतला. कुचल्याचा तिखटपणा नाकापर्यंत गेला आणि डोळ्यांना पाणी आलं, ते कशाचं हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. अम्मानंही घेतला. दाराशी हिरदेश कोट चढवून उभा राहिला, त्यानं हातानं चला अशी खूण केली. त्याच्यामागं काचेतून बिशुनच्या गाडीचे दिवे दिसत होते.

वेटर आला. "माताजी, उचलू का?"

अम्मानं सवयीनं हात मागं घेतला. ने बाबा, असं म्हणायला तिचे ओठ हललेही. प्रेमवतीनं बशीवर आपला हात आडवा धरला.

"नाही," ती म्हणाली. "आमचं अजून व्हायचंय."

वेटर मागं सरला. बशीत फार काही नव्हतंच, चार घास असतील. दोघी एकेक घास घेत राहिल्या, एक थांबली की दुसरी थांबत होती. बशी रिकामी झाली की उठावं लागणार होतं, म्हणून प्रेमवतीनं आपला पुढचा घास अर्धा मोडला आणि उरलेला अर्धा परत बशीत ठेवला.